खटक्याचा आवाज म्हणजे कुलूप नव्हे

गेल्या आषाढातील एका सोमवारची ही हकीगत. आमच्या पुतण्याची सांगलीत हळदीची अडत पेढी आहे. पेढीचा विस्तार करताना त्याने राहत्या घरावर बँकेचे कर्ज काढले होते. ते कर्ज पूर्ण फिटले आणि घराची मूळ कागदपत्रे परत नेण्यासाठी बँकेचे बोलावणे आले. ‘‘काका, तुम्ही बरोबर चला. कोणता कागद आला आणि कोणता राहिला, हे मला समजायचे नाही,’’ असे तो म्हणाला. बँकेच्या नोकरीत ३६ वर्षे काढलेल्या माणसाला असे बोलावणे म्हणजे सन्मानच. मी चष्मा पुसून निघालो.

बँकेत यादीप्रमाणे एकेक कागद तपासून घेतला. आमच्या वडिलांनी १९८४ साली केलेले खरेदीखत, आम्हा भावांचे वाटणीपत्र, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या. खरेदीखतावरची वडिलांची सही पाहताना क्षणभर हात थांबला. सर्व कागद एका कापडी पिशवीत घातले, पोचपावतीवर सह्या केल्या आणि गाडीत येऊन बसलो. पिशवी मागच्या आसनावर ठेवली.

परतताना गणपती पेठेत थोडी खरेदी करायची होती. पाऊस भुरभुरत होता. पुतण्याने जरा बाजूला गाडी उभी केली, आम्ही उतरलो, त्याने रिमोटचे बटण दाबले. खट् असा आवाज झाला, चारही इंडिकेटर एकदा लुकलुकले आणि आम्ही निश्चिंत मनाने पेठेत शिरलो. वीस-पंचवीस मिनिटांनी मी आधी परतलो. पुतण्या अजून समोरच्या दुकानात पैसे देत होता आणि रिमोट त्याच्या खिशात होता. छत्री सावरताना माझा हात सहज गाडीच्या मागच्या डाव्या दारावर पडला. दार उघडले.

पिशवी जागेवरच होती. एकही कागद हललेला नव्हता. तरीही माझ्या अंगावर काटा उभा राहिला. पुतण्या आला तेव्हा त्याला ते उघडे दार दाखवले.

‘‘काका, मी लॉक केली होती. तुमच्या समोरच केली.’’

‘‘तू बटण दाबलेस, एवढेच मी पाहिले. कुलूप लागले की नाही, ते ना तू पाहिलेस ना मी.’’

तो काही बोलला नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

काय गेले असते?

व्यापारी कुटुंबांतील गाडी ही केवळ प्रवासाचे साधन नसते. ती चालती-फिरती पेढी असते. वसुलीची रोकड, कोरे धनादेश, मालाचे नमुने, बिलबुके, लॅपटॉप, लग्नसराईत दागिने, असे काय काय तिच्यात थोड्या वेळासाठी ठेवले जाते. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून ठेवलेली वस्तूच बहुधा घात करते.

मूळ दस्तऐवज हरवला तर काय होते, हे मी खुर्चीच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळदा पाहिले आहे. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल, एवढा खटाटोप करावा लागतो. नक्कल मिळते, मालकीही जात नाही. परंतु पुढे ते घर विकताना किंवा पुन्हा तारण ठेवताना समोरचा प्रत्येक वकील ‘मूळ खत कुठे आहे?’ हा प्रश्न विचारतोच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये बँकांना आदेश दिला, की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करावेत आणि बँकेच्या कारणाने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी. १ डिसेंबर २०२३ पासून तो नियम लागू आहे. म्हणजे कागद बँकेच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी बँकेची. एकदा पोचपावतीवर सही केली, की ती आपली. आणि आपल्या गाडीच्या दाराला भरपाईचा नियम नाही.

विम्याचाही भरवसा धरू नये. मोटार विम्याच्या मूळ पॉलिसीत गाडीचा विमा असतो, गाडीत ठेवलेल्या वस्तूंचा नसतो. वैयक्तिक सामानासाठी वेगळा जोडविमा घ्यावा लागतो आणि रोकड तर सहसा त्यातही येत नाही. शिवाय वाहनाची वाजवी काळजी मालकाने घ्यावी, ही अट पॉलिसीत असतेच. गाडीच चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी कंपन्या सर्वसाधारणपणे दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. म्हणून दुसरी किल्ली कुठे आहे, हे घरातील प्रत्येक चालवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

बटण दाबल्यावर काय घडते?

दूरनियंत्रणाने मोटारीची दारे लावण्याची सोय १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील रेनो कंपनीच्या फ्युएगो या गाडीत प्रथम आली. आज ती लहानात लहान मोटारीतही असते आणि त्यामुळेच तिच्याविषयी कोणी विचार करीत नाही.

किल्लीतील छोटा सेल रिमोटला शक्ती देतो. बटण दाबताच रिमोट रेडिओलहरींवरून एक सांकेतिक आकडा पाठवतो. आपल्याकडील बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. हा आकडा दर वेळी बदलतो. एकदा वापरलेला आकडा गाडी पुन्हा स्वीकारीत नाही, जसा एकदा वटलेला धनादेश पुन्हा वटत नाही. आकडा पटला की गाडीतील नियंत्रण पेटी प्रत्येक दाराला तारेवाटे वीज सोडते. प्रत्येक दाराच्या आत एक लहानशी मोटर असते, तिला मिस्त्री ‘लॉक मोटर’ किंवा ‘ॲक्च्युएटर’ म्हणतात. ती फिरते, प्लास्टिकचे दाते सरकतात, दांडी हलते आणि खटका पडतो.

या साखळीत एक मर्म आहे. पुष्कळ गाड्यांत नियंत्रण पेटी हुकूम देते, पण प्रत्येक दाराने तो पाळला की नाही, याची उलट खबर तिला मिळत नाही. इंडिकेटर लुकलुकतात ते हुकूम सुटल्याची खूण म्हणून. आपण ऐकतो तो आवाज तीन दारांचाही असू शकतो. चौथे दार गप्प राहिले, हे त्या गडबडीत कानाला कळत नाही.

तेरीज जुळत नाही तेव्हा

आमच्या तरुणपणी बँकेत संगणक नव्हते. दिवसअखेर तेरीज जुळली नाही, तर नवशिका कारकून पहिल्या पानापासून सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला बसत असे. जुने अधिकारी मात्र आधी फरकाचा आकडा पाहत. फरक ९ ने भागला जात असेल तर ५४ च्या जागी ४५ असे आकडे उलटे लिहिले गेले असण्याचा संभव. फरकाची निम्मी रक्कम कुठे नोंदीत सापडली, तर जमेची नोंद नावे पडली असावी. चूक कोणत्या जातीची आहे, हे कळले की कोणते पान उघडायचे ते कळते.

गाडीच्या दाराचेही तसेच आहे. गॅरेजमध्ये जाऊन ‘लॉक होत नाही’ एवढेच सांगितले, तर मिस्त्री जी वस्तू बदलणे सोपे आहे ती बदलतो. त्याऐवजी घराच्या अंगणात दहा मिनिटे काढून चार प्रश्नांची उत्तरे लिहून न्यावीत. मात्र तपासणीपूर्वी चालकाच्या बाजूची काच पूर्ण खाली घ्यावी आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, नाही तर तपासणीतच गाडी बंद होऊन आपण बाहेर राहू.

पहिला प्रश्न : एकच दार लागत नाही की सर्वच? एकच दार असेल तर रिमोट निर्दोष आहे. दोष त्या दाराच्या खटक्यात, मोटरमध्ये किंवा तारेत आहे. सर्व दारे गप्प असतील तर दोष साखळीच्या वरच्या टोकाला शोधावा.

दुसरा प्रश्न : आतल्या बटणाने दारे लागतात का? चालकाच्या दारावर सर्व दारे एकदम लावण्याचे बटण असते. त्याने लागत असतील आणि रिमोटने नाही, तर मोटरी, तारा आणि फ्यूज ठीक आहेत. दोष रिमोटचा, त्याच्या सेलचा किंवा लहरींच्या वाटेतला आहे.

तिसरा प्रश्न : दुसऱ्या किल्लीने लागतात का? लागत असतील तर पहिल्या किल्लीचा सेल संपत आला आहे किंवा तिचे बटण झिजले आहे. व्यापारी कुटुंबात दुसरी किल्ली वर्षानुवर्षे कपाटात पडून असते. ती या एका कामासाठी तरी बाहेर काढावी.

चौथा प्रश्न : लोखंडी किल्लीने दार लागते का? रिमोटच्या पोटात एक साधी किल्ली असते आणि चालकाच्या दाराच्या मुठीजवळ तिचे छिद्र असते. काही गाड्यांत ते टोपणाखाली दडवलेले असते. लोखंडी किल्लीही फिरत नसेल, तर खटका गंजला किंवा अडकला आहे.

कोणते उत्तर कुठे नेते

सर्व दारे लागत नसतील तर प्रथम एखादे दार अर्धवट उघडे तर नाही ना, ते पाहावे. पुष्कळ गाड्या कोणतेही दार किंवा डिकी नीट बसलेली नसेल तर कुलूप लावायलाच नकार देतात, किंवा लावून लगेच उघडतात. फलकावरचा उघड्या दाराचा दिवा आणि छताचा दिवा ही त्याची खूण. डिकीत पोते किंवा खोके कोंबून ती दाबून लावण्याची सवय असलेल्यांना हा अनुभव हमखास येतो. किल्ली इग्निशनमध्ये राहिली असेल, तरीही अनेक गाड्यांत रिमोट चालत नाही.

बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांत आणखी एक चकवा आहे. दुसरी किल्ली गाडीतच, सौभाग्यवतींच्या पर्समध्ये मागच्या आसनावर असेल, तर गाडी पीं-पीं करून कुलूप नाकारते. गाडीच्या दृष्टीने तिचा मालक अजून आतच बसलेला असतो. अशा वेळी गाडीला दोष न देता पर्स तपासावी.

आतल्या बटणानेही काहीच होत नसेल तर फ्यूज पाहावा. फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत तक्ता असतो. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपियरचा नवा बसवावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. आवाज येतो पण क्षीण येतो, दिवेही मंद वाटतात, असे असेल तर गाडीची बॅटरीच उतरली आहे. चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.

रिमोट एका ठिकाणी चालत नाही आणि पन्नास पावले पुढे नेल्यावर चालतो, असे झाले तर गाडी बिघडलेली नाही. त्या जागी त्याच कंपनांची दुसरी लहर आड येत आहे. ती कधी एखाद्या यंत्राची असते. परंतु अशीच लहर मुद्दाम सोडून रिमोटचा हुकूम गाडीपर्यंत पोहोचू न देण्याची युक्ती चोरांनाही अवगत आहे. मालक बटण दाबून पाठ फिरवतो आणि गाडी उघडीच राहते. तिथे खटका वाजत नाही, दिवे लुकलुकत नाहीत, पण फोनवर बोलत निघालेल्या माणसाच्या ते लक्षात येत नाही.

एकच दार लागत नसेल तर त्याच दारातील आतली कडी हाताने सरकवून पाहावी. ती घट्ट असेल तर खटक्यात धूळ आणि गंज साचला आहे. तो साफ करून पांढरे ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवारा द्यावा. साधे तेल घातल्यास धूळ अधिक चिकटते. कडी सैल फिरते, मोटर घरघरते, पण खटका पडत नाही, तर आतले दाते झिजले आहेत. काहीच आवाज नसेल तर मोटर गेली आहे किंवा तिथे वीजच पोहोचत नाही. मागच्या दारांतील ‘चाइल्ड लॉक’चा याच्याशी संबंध नाही. ते फक्त दार आतून उघडू देत नाही, बाहेरून कुलूप लावण्याला ते आड येत नाही.

एका दाराची दोन दुखणी

आमच्या गाडीची उत्तरे अशी निघाली : एकच दार, मागचे डावे. आतल्या बटणानेही लागत नाही. दुसऱ्या किल्लीनेही नाही. आतली कडी हाताने मात्र अगदी हलकी. आणखी एक गोष्ट होती : दहा वेळा बटण दाबले तर तीनदा ते दार लागायचे आणि सातदा नाही. अशी अधूनमधून होणारी चूक सर्वांत घातक, कारण तपासाच्या वेळी ती नेमकी दडून बसते.

एका गॅरेजमध्ये दाखवले. त्यांनी पूर्ण लॉक बदलण्याचा काही हजारांचा अंदाज दिला. पुतण्या तयार झाला होता. मी म्हटले, ‘‘एका दुसऱ्याचे मत घेऊ. बँकेत एका सहीवर आम्ही मोठी रक्कम कधी सोडली नाही.’’

मार्केट यार्डाच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारा एक मिस्त्री आहे. त्याने आमचा कागद वाचला आणि आम्ही न लिहिलेला पाचवा प्रश्न विचारला.

‘‘साहेब, या दाराची काच नीट चालते का?’’

पुतण्या आणि मी एकमेकांकडे पाहू लागलो. त्या दाराची काच महिनाभर मध्येच अडत होती. पावसाळ्यात कोण काच उघडतो, म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते.

‘‘मग मोटर नाही गेली. एकाच वेळी दोन मोटरी कशा जातील? दोघींची वाट एक आहे, ती वाट तुटली आहे.’’

त्याने दार अर्धे उघडले आणि खांब व दार यांच्यामधली रबरी नळी दाखवली. गाडीतून दारात जाणाऱ्या सर्व तारा या पन्हाळीसारख्या घड्या असलेल्या नळीतून जातात. दार उघडले की त्या ताणतात, लावले की वाकतात. हजारो वेळा असे झाले की तांब्याची तार वरच्या आवरणाच्या आत तुटते. बाहेरून धडधाकट दिसते. मग दार एका कोनात असताना टोके टेकतात आणि काम चालते, दुसऱ्या कोनात सुटतात आणि थांबते. त्याने पुतण्याला आतले बटण दाबत राहायला सांगितले आणि स्वतः दार हळूहळू हलवले. एका ठिकाणी खट् वाजले, बोटभर पुढे नेताच बंद झाले.

‘‘हेच दार का?’’ मी विचारले.

‘‘घरात म्हातारी माणसे, लेकरे असतील ना? ती फुटपाथच्या बाजूनेच उतरतात. मागचे डावे दार सगळ्यात जास्त उघडते.’’

माझ्या वहिनींच्या गुडघ्यांचे दुखणे आणि नातवंडांची शाळा त्या एका तारेवर पडत होती.

नळी सरकवल्यावर दोन तारा तुटलेल्या निघाल्या. त्याने मध्ये नव्या तारेचा तुकडा घालून, थोडी ढील ठेवून डाग दिला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. नुसती चिकटपट्टी गुंडाळली असती तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले असते. मजुरीसह साडेचारशे रुपये झाले. लॉक बदलले असते तर नवे लॉकही त्याच तुटक्या तारेवर बसले असते.

काच अडत होती, हा इशाराच होता. आम्ही तो किरकोळ फरक म्हणून पुढे ओढला. खातेवहीत किरकोळ फरक पुढे ओढणाऱ्यांचे काय होते, हे वाचकांना मी सांगायला नको.

किल्लीतील सेल आणि घरातील लेकरू

रिमोटचा पल्ला कमी होऊ लागला, दोन-तीनदा दाबावे लागू लागले, की सेल बदलावा. जुन्या सेलवरचा आकडा वाचून तोच आणावा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर १६२० म्हणजे १६ मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर जाडी. दोन्ही ३ व्होल्टचेच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. किल्लीच्या कडेच्या खाचेत नाणे फिरवले की दोन भाग सुटतात. जुना सेल ज्या बाजूने बसला होता त्याच बाजूने नवा बसवावा. त्यानंतरही रिमोट चालत नसेल, तर काही गाड्यांत गाडीशी त्याची पुन्हा ओळख करून द्यावी लागते. ती रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मुलांनी घरात बसून रिमोटची बटणे शेकडो वेळा दाबली, तरीही किल्लीचा आणि गाडीचा आकडा एकमेकांपासून दूर जाऊन हीच पाळी येऊ शकते.

सेल पूर्ण संपला तरी घाबरू नये. अनेक गाड्यांत इंजिनाला ओळख पटवणारी चकती सेलविना चालते. लोखंडी किल्लीने दार उघडावे आणि बटणाच्या गाडीत किल्ली थेट त्या बटणाला टेकवून गाडी सुरू करावी.

मात्र काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. ही सूचना मी गाडीपेक्षाही महत्त्वाची मानतो. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा. आणि रिमोट हे लेकराला रडू थांबवण्यासाठी देण्याचे खेळणे नव्हे. किल्लीसह मूल गाडीत आणि आपण बाहेर, असा प्रसंग उन्हाळ्यात जिवावर बेततो.

दार ओढून पाहावे

बँकेची स्ट्राँगरूम संध्याकाळी बंद होते तेव्हा दोन अधिकारी दोन किल्ल्यांनी ती लावतात. एकाच्या किल्लीने ती उघडत नाही आणि लागतही नाही. त्यानंतरची एक कृती कोणत्याही परीक्षेत विचारली जात नाही. किल्ल्या खिशात घालण्यापूर्वी दोघांपैकी एक जण मूठ धरून दार ओढून पाहतो. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पहिल्या हेड कॅशियरना मी विचारले होते, की आपण दोघांनी आताच लावलेले दार ओढता कशाला? ते म्हणाले, ‘‘लावणे हे एक काम आणि लागले हे पाहणे हे दुसरे. पहिल्याचा पगार बँक देते, दुसऱ्याने झोप लागते.’’ पुढे ३६ वर्षे मीही ते दार ओढत आलो. निवृत्त झालो आणि पुतण्याच्या गाडीपाशी ती सवय विसरलो.

तेव्हा सूचना एकच. रिमोट दाबल्यावर गाडीपासून दूर न जाता एक दार ओढून पाहावे, आणि आठवड्यातून एकदा चारही दारे व डिकी. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर थोडी अधिक दक्षता घ्यावी. किल्ली खिशात ठेवून मूठ ओढली तर अशा कित्येक गाड्या मालकाला ओळखून दार स्वतःच उघडतात आणि आपल्याला वाटते की कुलूप लागलेच नव्हते. अशा वेळी किल्ली बरोबरच्या माणसाकडे देऊन त्याला चार-पाच पावले दूर उभे करावे आणि मग ओढून पाहावे. दोघांच्या ताब्याची बँकेची पद्धत इथेही उपयोगी पडते. आणि दार कितीही पक्के लागले असले, तरी मूळ कागद, रोकड आणि दागिने गाडीत ठेवून उतरू नये.

ती कापडी पिशवी त्याच आठवड्यात बँकेच्या लॉकरमध्ये गेली. परवा पुतण्या मला घेऊन एका लग्नाला निघाला होता. कार्यालयाबाहेर त्याने गाडी उभी केली, बटण दाबले, खट् वाजले. दोन पावले चालून तो थांबला, मागे वळला आणि मागचे डावे दार ओढून पाहिले. मग उजवे. माझ्याकडे न पाहताच म्हणाला, ‘‘चला काका, लागले आहे.’’